बुद्धिबळाचे इंजिन मंद चालते, मग संगणकात काय बदलावे?

‘संगणक-सल्ला’ या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये बुद्धिबळाविषयीची पत्रे अलीकडे बरीच वाढली आहेत. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यानंतर ही वाढ झाली, हा केवळ योगायोग नसावा. बहुतेक पत्रांचा रोख एकच असल्यामुळे, म्हणजे ‘इंजिन वेगाने चालावे म्हणून काय विकत घ्यावे?’ असा असल्यामुळे, या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. इंजिन म्हणजे पटावरची स्थिती तपासून उत्तम चाल सुचवणारा प्रोग्रॅम.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा असून त्याचे रेटिंग सोळाशेच्या आसपास आहे. घरी रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेला संगणक आहे. एका मोफत प्रोग्रॅममध्ये स्टॉकफिश हे इंजिन लावून तो आपले डाव तपासतो, पण इंजिन फार हळू चालते, अशी त्याची तक्रार असते. दुकानदारांनी ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा सल्ला दिला आहे. कार्ड घ्यावे का?
— एक पालक, सांगली

उत्तर : घेऊ नये. स्टॉकफिश ग्राफिक्स कार्डाचा वापरच करत नाही. आपण कितीही महाग कार्ड बसवले, तरी त्याचा वेग तसूभरही वाढणार नाही. दुकानदारांना दोष देण्याचे कारण नाही. ‘संगणक मंद आहे’ म्हणत येणारी मुले बहुधा गेम खेळणारी असतात आणि त्यांना तो सल्ला लागूही पडतो.

गोंधळाचे मूळ मात्र समजून घेण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून या इंजिनात पटावरच्या स्थितीचे मूल्यमापन करण्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरले जाते, आणि न्यूरल नेटवर्क म्हटले की ग्राफिक्स कार्ड हवेच, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. स्टॉकफिशमधले नेटवर्क वेगळ्या घराण्याचे आहे. जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, यू नासू यांनी २०१८ मध्ये ते मांडले आणि ते मुद्दाम साध्या प्रोसेसरसाठीच घडवलेले होते. एका चालीने पटावरच्या दोन ते चारच घरांत बदल होतो, त्यामुळे नेटवर्कच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या थरातले गणित प्रत्येक वेळी नव्याने न मांडता तेवढाच फरक त्यात मिळवला किंवा वजा केला जातो. शिवाय स्टॉकफिश एकामागून एक स्थिती तपासत जाते, आणि आधीच्या स्थितीचा निकाल हाती आल्यावरच पुढे कोणती फांदी छाटायची हे ठरवते. अशी एकेक स्थिती ग्राफिक्स कार्डाकडे पाठवून उत्तराची वाट पाहण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढ्यात प्रोसेसरने कितीतरी स्थिती स्वतःच निकालात काढलेल्या असतात.

काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात, कारण अशा तक्रारींपैकी पुष्कळशा तिथेच मिटतात. पहिली, थ्रेडची, म्हणजे इंजिन एकाच वेळी चालवत असलेल्या कामाच्या धाग्यांची, संख्या. स्टॉकफिशमध्ये मुळात एकच थ्रेड नेमलेला असतो, म्हणजे आपल्या प्रोसेसरचे चारांपैकी तीन कोअर (आतली स्वतंत्र गणनकेंद्रे) कदाचित रिकामेच बसलेले असतील. इंजिनाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा तीन करावा, आणि एक कोअर बाकीच्या कामांसाठी मोकळा ठेवावा. दुसरी, एकाच वेळी दाखवल्या जाणाऱ्या पर्यायांची संख्या. मुलांना पाच-पाच पर्याय समोर दिसलेले आवडतात, पण त्यातल्या प्रत्येकासाठी इंजिनाला वेगळा शोध घ्यावा लागतो आणि तेवढ्या प्रमाणात शोधाची खोली, म्हणजे पुढच्या किती चाली पाहिल्या तो आकडा, वाढायला उशीर होतो. एक किंवा दोन पर्याय पुरेत. तिसरी, डाउनलोड केलेली प्रत. स्टॉकफिश निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी निरनिराळ्या प्रतींमध्ये मिळते. अगदी जुन्या संगणकांवरही चालणारी सर्वसाधारण प्रत घेतली, तर आधुनिक प्रोसेसरचे निम्मे सामर्थ्य वाया जाते. आपण ‘एव्हीएक्स२’ असे लिहिलेली प्रत घ्यावी. त्याच्याच शेजारी ‘बीएमआय२’ नावाची प्रत दिसेल आणि ती अधिक वेगवान असल्याचे वाचनात येईल, परंतु रायझनच्या झेन ३ या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांवर तिच्यातली एक महत्त्वाची सूचना फारच रेंगाळत चालते. आपला ३२००जी त्या जुन्या पिढ्यांतलाच आहे.

हे करण्यापूर्वी आणि केल्यानंतर वेग मोजून पाहावा. स्टॉकफिशची फाइल थेट उघडली की काळी खिडकी येते. तिच्यात ‘बेंच’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबले, की इंजिन ठरावीक स्थिती तपासते आणि शेवटी सेकंदाला किती नोड, म्हणजे स्थिती, तपासले तो आकडा छापते. ही चाचणी एकाच थ्रेडवर चालते, म्हणून प्रत बदलल्याचा परिणाम इथे दिसेल. थ्रेड वाढवल्याचा परिणाम मात्र नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये, एकच स्थिती समोर ठेवून पाहावा लागेल. दोन्ही वेळा स्टॉकफिशची आवृत्ती एकच असावी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

एवढे करूनही वेग अपुरा वाटला, तर खर्च प्रोसेसरवर करावा. आपला मदरबोर्ड या बाबतीत भाग्याचा आहे, कारण बी४५० वर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत केल्यानंतर रायझनच्या ५००० मालिकेतले प्रोसेसर बसतात. रायझन ७ ५७००एक्स मध्ये आठ कोअर आणि सोळा थ्रेड आहेत, आणि एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी, आपल्या सध्याच्या ४ एमबीऐवजी ३२ एमबी आहे. स्टॉकफिशच्या दृष्टीने हा बदल कोअरच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे, कारण नेटवर्कमधले आकडे सतत वाचावे लागतात आणि ते जितके प्रोसेसरच्या जवळ असतील तितके बरे. त्यातच आपला सध्याचा, झेन प्लस पिढीचा प्रोसेसर २५६ बिटांची गणिते दोन तुकड्यांत करतो, तर नवा एकाच फटक्यात करतो. त्यामुळे प्रत्येक कोअरचा वेगही वाढतो.

इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात अनेक जण पाय मुरगाळून घेतात. आपल्या ३२००जी मध्ये पडद्यावर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग अंगभूत आहे, ५७००एक्स मध्ये तो नाही. म्हणजे वेगळे कार्ड न घेता तो प्रोसेसर बसवला, तर संगणक चालू होईल, पंखा फिरेल आणि मॉनिटर काळाच राहील. एखादे जुने, स्वस्तातले कार्ड घरात पडून असेल, तर ५७००एक्स जरूर घ्यावा. नसेल, तर ५७००जी किंवा ५६००जी हा पर्याय. या दोघांत ग्राफिक्स अंगभूत असते, एल३ कॅशे १६ एमबी असते आणि आपल्या मुलाच्या कामासाठी दोन्ही भरपूर आहेत. ५७००एक्स च्या खोक्यात कूलर येत नाही, हेही हिशेबात धरावे. बायोस अद्ययावत करण्याचे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे आणि संगणक यूपीएसवर असेल तेव्हाच करावे. ते चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड कायमचा मुका होण्याची शक्यता असते.

उरलेल्या पैशांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. तिने इंजिनाचा वेग वाढणार नाही, पण पुढेमागे मुलगा चेसबेससारखा प्रोग्रॅम आणि त्याचा एक कोटीहून अधिक डावांचा संग्रह वापरू लागला, तर एखादी स्थिती किती डावांत आली हे शोधताना साध्या डिस्कवर त्याचा जीव मेटाकुटीला येईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. माझ्या लॅपटॉपवर इंजिन सुरू केले की पहिल्या मिनिटाला वेग उत्तम असतो, नंतर तो पडत जाऊन जवळजवळ निम्म्यावर येतो. प्रोसेसर खराब झाला आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रोसेसर खराब झालेला नाही, तो स्वतःला सांभाळतो आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरला थोड्या वेळापुरती जास्त वीज ओढण्याची मुभा असते. साधारण अर्ध्या-एक मिनिटाची ही मुदत संपली, की त्याला ठरलेल्या मर्यादेत यावे लागते. ही मर्यादा पातळ लॅपटॉपमध्ये १५ वॉटच्या आसपास आणि जाड, गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये ४५ वॉट किंवा त्याहून अधिक असते. ब्राउझर किंवा वर्ड वापरणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण त्यांचे काम झटक्याझटक्याने चालते. बुद्धिबळाचे इंजिन मात्र सगळ्या कोअरना एक क्षणही उसंत देत नाही. त्यात तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले, की वेग आणखी खाली आणला जातो. नागपूरच्या मे महिन्यात खोलीचीच हवा चाळिशीत असताना पंख्याने ती आत ओढून काय गार करायचे, हा प्रश्न आहेच.

चार्जर लावूनच इंजिन चालवावे, विंडोजमधली वीजबचतीची योजना बदलावी, लॅपटॉप गादीवर न ठेवता स्टँडवर ठेवावा आणि दोन-तीन वर्षे झाली असतील, तर जाणकाराकडून पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नव्याने लावून घ्यावी. थ्रेडची संख्या थोडी कमी करून पाहणेही फायद्याचे ठरते. विजेची मर्यादा तीच असताना आठ थ्रेडऐवजी सहा चालवले, तर एकूण वेग फारसा घटत नाही आणि लॅपटॉपवर दुसरे काम करता येते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सोल्डर केलेला असतो, त्यामुळे तो बदलण्याचा विचार सोडून द्यावा. पुढचा लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या नावाइतकेच तो दीर्घकाळ किती वॉट पेलतो हे विचारावे. दुकानात ते सहसा कोणी सांगत नाही, पण त्या नमुन्याच्या सविस्तर परीक्षणांत सापडते.

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात मन रमवतो. इंजिनाची हॅश जितकी मोठी तितके विश्लेषण खोल, असे मित्र म्हणतात. संगणकात १६ जीबी रॅम आहे. ती ६४ करावी का?
— एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. हॅश म्हणजे इंजिनाची टिपणवही. एकच स्थिती निरनिराळ्या चालींच्या क्रमाने पुनःपुन्हा येते, आणि तिचा निकाल आधी टिपलेला असेल, तर तो पुन्हा काढावा लागत नाही.

स्टॉकफिशच्या या वहीत ३२ बाइटच्या एका कप्प्यात तीन नोंदी बसतात. त्या हिशेबाने मुळात नेमलेल्या १६ एमबी हॅशमध्ये जेमतेम पंधरा लाख नोंदी मावतात. सेकंदाला चाळीस लाख नोड तपासणाऱ्या संगणकावर ती वही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भरते, आणि पुढे जुनी टिपणे पुसून नवी लिहावी लागतात. एक जीबी हॅशमध्ये सुमारे दहा कोटी नोंदी बसतात, म्हणजे १६ एमबीवरून एक जीबीवर जाण्याचा फायदा स्पष्ट दिसतो. तिथून चार जीबीवर गेल्यास, विशेषतः एका स्थितीवर तासन्‌तास विश्लेषण चालत असेल तर, आणखी थोडा फायदा होतो. त्यापुढे मात्र प्रत्येक दुपटीचा लाभ इतका बारीक होत जातो, की तो मोजायलाही खटाटोप करावा लागतो.

आपल्या १६ जीबीतून सहा ते आठ जीबी हॅशसाठी निर्धास्तपणे देता येतील. बहुतेक प्रोग्रॅम हॅश किती भरली आहे हे दाखवतात. आपल्या नेहमीच्या विश्लेषणाच्या शेवटी तो आकडा शंभर टक्क्यांना बराच वेळ टेकलेला असेल, तरच रॅम वाढवण्याचा विचार करावा. हॅशला उपलब्ध रॅमपेक्षा जास्त जागा देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग विंडोज ती डिस्कवर लिहू लागते आणि इंजिन बैलगाडीच्या वेगाला येते. रॅम घेण्याची वेळ आलीच, तर मदरबोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे आधी पाहावे. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

प्रश्न : मी बुद्धिबळाचे वर्ग घेतो. स्टॉकफिशबरोबर लीलाही वापरावे, असे काही विद्यार्थी सुचवतात. त्यासाठी काय लागेल?
— एक प्रशिक्षक, पुणे

उत्तर : पहिल्या पत्रातल्या दुकानदारांचा सल्ला इथे बरोबर ठरतो. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीने अल्फाझिरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमचे निकाल जाहीर केले आणि त्याच धर्तीवर २०१८ मध्ये लीला चेस झिरो हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. लीला मोजक्याच स्थिती पाहते, पण प्रत्येक स्थितीसाठी फार मोठे नेटवर्क चालवते, आणि अनेक स्थितींचा गठ्ठा करून तो एकदम ग्राफिक्स कार्डाकडे पाठवते. नुसत्या प्रोसेसरवर ती चालते, पण तिला चालणे म्हणावे असे नाही.

कार्ड घ्यायचे असेल, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतले घ्यावे. २०१८ पासूनच्या या कार्डांत टेन्सर कोअर असतात आणि लीलाचे गणित नेमके त्यांना जमणारे असते. जीटीएक्स १६ मालिकेतली कार्डे स्वस्तात दिसतात, पण त्यांत टेन्सर कोअर नाहीत. एएमडीच्या कार्डांवरही लीला चालते, पण तिची सर्वाधिक मशागत एनव्हिडियासाठी झालेली आहे. कार्डावरची मेमरी आठ जीबी असली तरी पुरते, त्यामुळे निव्वळ मेमरीचा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नयेत. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, किती वॉटचा आहे आणि कार्डाला लागणारी वीजजोडणी त्याला आहे का, हे आधी उघडून पाहावे. अनेक तयार संगणकांत नेमके हेच कमी पडते.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. लीला सेकंदाला काही हजार नोड दाखवते आणि स्टॉकफिश लाखांनी दाखवते, म्हणून लीला मंद आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. दोघांचे नोड वेगळे, मोजण्याची पद्धत वेगळी आणि खोलीचा आकडाही वेगळा. हे आकडे ज्या त्या इंजिनाच्या आपल्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी आहेत. वर्गात शिकवण्यापुरते विचारत असाल, तर माझ्या मते कार्डाची निकड नाही. स्वतः स्पर्धेसाठी ओपनिंगची तयारी करत असाल आणि एकाच स्थितीवर दोन वेगळ्या स्वभावांच्या इंजिनांचे मत हवे असेल, तर मात्र लीलाइतकी उपयोगी जोड दुसरी नाही.

प्रश्न : एंडगेमचे टेबलबेस ठेवण्यासाठी मोठी डिस्क घ्यावी का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : टेबलबेस म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरलेल्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले अचूक निकाल. रोनाल्ड डी मन यांचे सिझिजी टेबलबेस सध्या सर्वत्र वापरले जातात. पाच सोंगट्यांपर्यंतचा संपूर्ण संच एक जीबीहून कमी जागेत मावतो, तो आजच उतरवून घ्यावा. सहा सोंगट्यांसाठी सुमारे १५० जीबी लागतात, आणि तो ठेवायचाच असेल तर एसएसडीवर ठेवावा, कारण साध्या डिस्कवर इंजिनाला उत्तराची वाट पाहत थांबावे लागते. सात सोंगट्यांचा संच सतरा टीबीच्या आसपास जातो. त्याचे उत्तर लिचेस या संकेतस्थळावर फुकट मिळत असताना घरी तो बाळगण्याची हौस मी तरी करणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे कोअर आय५-४४६० असलेला जुना संगणक आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्यात बसणारा जुना आय७ मिळतो असे कळले. घ्यावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आय७-४७९० आपल्या मदरबोर्डवर बसेल यात शंका नाही. पण त्यातही कोअर चारच आहेत. थ्रेड चाराचे आठ होतात आणि घड्याळाचा वेग थोडा वाढतो. एका कोअरवरचे दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत, त्यामुळे वेग दुप्पट होण्याची आशा धरू नये. चौथ्या पिढीचे हे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रोसेसर हजार-पाचशेत, तोही चालवून दाखवून मिळत असेल तर घ्यावा. त्याहून जास्त पैसे या जुन्या यंत्रात घालू नयेत, ते पुढच्या संगणकासाठी ठेवावेत. तोवर एवढे लक्षात ठेवावे, की आपला आय५ देखील एव्हीएक्स२ जाणतो. योग्य प्रत उतरवली, तर कदाचित लॅमिंग्टन रोडची फेरी वाचेल.

प्रश्न : एखादी स्थिती रात्रभर इंजिनाला लावून ठेवली, तर नवा प्रोसेसर घेण्याची गरज उरणार नाही, असे माझे म्हणणे आहे. घरातले वीजबिलाची भीती घालतात. कोण बरोबर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले म्हणणे बरेचसे बरोबर आहे. वेग दुप्पट करणे आणि वेळ दुप्पट देणे यांतून इंजिनाला जवळपास सारखेच मिळते. उलट, कोअर दुप्पट केले तरी त्यांच्यातले काही काम एकमेकांसारखेच होत असल्यामुळे फायदा पूर्ण दुप्पट होत नाही, वेळेच्या बाबतीत ही गळती नसते. ज्याला उद्याच्या फेरीपूर्वी तासाभरात दहा स्थिती तपासायच्या आहेत त्याला वेगवान यंत्र हवे. ज्याला एका स्थितीचे उत्तर सकाळी मिळाले तरी चालते त्याला ते नको. विजेचा हिशेबही सोपा आहे. पूर्ण ताणाखाली आपला संगणक दीडशे वॉट ओढतो असे धरले, तर आठ तासांत १.२ युनिट होतात. हॅश मात्र दोन-चार जीबी द्यावी, मॉनिटर बंद करावा आणि झोपण्यापूर्वी विंडोजची आपोआप निद्रावस्थेत जाण्याची सोय बंद आहे ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर पंधरा मिनिटांतच इंजिनही आपल्याबरोबर झोपी जाईल.